सांगली-मिरज रस्ता: उड्डाणपूल हवा की बस आणि पदपथ?

कृष्णाकाठ
सांगली-मिरज रस्ता संध्याकाळी तुंबला की उड्डाणपुलाची मागणी ठरलेली. माझा विरोध आहे. पूल मधे न थांबता जाणाऱ्या गाड्यांसाठी असतो. इथली ये-जा मार्केट यार्ड, विश्रामबाग, विलिंग्डन कॉलेज, मिरजेची हॉस्पिटलं अशी तुकड्यातुकड्यांची. पुलावर चढलेला उतरणार कुठे?

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी निकषात एक मोटार रस्त्यावर जितकी जागा खाते ती 1 धरली, तर बस (थोड्या असतील तेव्हा) 2.2 आणि दुचाकी (10 टक्क्यांवर असतील तेव्हा) 0.75. म्हणजे एका बसला साधारण तीन दुचाक्यांची जागा लागते. तीन दुचाक्यांवर फार तर सहा माणसं, बसमध्ये नुसती बसलेलीच चाळीस. बससाठी वेगळी मार्गिका आणि सलग पदपथ, पैसा इथे घाला.

डांबरप्रेमी
साताऱ्यात पोवई नाक्याला ग्रेड सेपरेटर (चौकातली वाहतूक वेगळ्या पातळीवरून नेणारा मार्ग) 2021 मध्ये खुला झालाच की. तिथे जमलं ते इथे का नाही? आणि बसमार्गिकेचं पुण्यात 2006 पासून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. थांबा रस्त्याच्या मधोमध, तिथवर पोचायला नीट वाट नाही, मार्गिकेत दुचाक्या. तासाला दहा-बारा बस धावणार आणि अख्खी साडेतीन मीटरची पट्टी रिकामी ठेवायची? कोण पाळणार?

आडवाछेद
पोवई नाका म्हणजे आठ रस्त्यांचा एकच गुंता, तो सोडवायला जमिनीखालून गेले. इथे गाठी ओळीने आहेत. एक पुलाने सोडवली की तुंबा पुढच्या चौकात सरकतो.

शिवाय मापं घेऊन बघा. खाली 5.5 मीटर मोकळी उंची, वर गर्डर आणि स्लॅब, म्हणजे रस्ता साधारण साडेसात मीटरवर जातो. 1:30 चढ (तीस मीटरला एक मीटर उंची) धरला तर एका बाजूचा रॅम्पच 225 मीटर. चौपदरी पूल कठड्यांसह सतरा मीटरच्या आसपास. तीस मीटर रुंदी मोकळी मिळाली असं धरलं, तरी दोन्ही बाजूंना साडेसहा मीटर उरतात. त्यातच सेवारस्ता, गटार, पदपथ, महावितरणच्या डीपी (विजेच्या पेट्या) आणि दुकानासमोरच्या गाड्या. पुलाऐवजी भुयारी मार्ग म्हणाल तर पावसाळ्यात पंप लावून बसा. आयर्विन पुलाजवळ 45 फुटांची धोक्याची पातळी कृष्णा ओलांडते तेव्हा शहराची गटारंही उलटी वाहतात.

बसमार्गिकेबाबत मात्र डांबरप्रेमींशी सहमत. सलग पट्टी नको. चौकाआधी शे-दीडशे मीटर बसला डावीकडून पुढे काढा आणि सिग्नल तिला चार-पाच सेकंद आधी हिरवा द्या. तेवढ्यानेही फेरीची वेळ पाळता येते.

वडापसमर्थक
सगळे एसटीबद्दल बोलताय. माणसं नेतं कोण? वडाप, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाड्या, आणि शेअर रिक्षा! त्यांना आराखड्यात जागा नसेल तर ते बसथांब्यावरच उभे राहणार. चौकापासून 40-50 मीटर पुढे, सिग्नल ओलांडल्यावर, चार रिक्षांची खूण केलेली जागा द्या. चौकाच्या आधी दिली तर डावीकडे वळणारी रांग अडते, आज होतंय तेच.

कृष्णाकाठ
हे मान्य. पण बससाठी आत कापलेली खाच अजिबात नको. त्या खाचेत पाच मिनिटांत गाड्या लागतात, बस बाहेरच उभी राहते आणि प्रवासी दोन मोटारसायकलींच्या मधून चढतो. बस कडेच्या मार्गिकेतच थांबू दे, मागच्यांनी वीस सेकंद थांबावं.

यार्डातला
वीस सेकंद म्हणणं सोपं आहे. हळदीचे सौदे असले की ट्रक येतात, हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या. बस उभी, तिच्यामागे ट्रॉली, ती पुन्हा हलायलाच वेळ घेते. आधी अवजड वाहनांना सकाळ-संध्याकाळ बंदी आणि वळणरस्ता. मोजणीही गळीत हंगामात एकदा आणि बाहेर एकदा करा. मे महिन्यात कॉलेजं बंद असताना केलेल्या मोजणीवर रस्ता आखला तर फसणारच.

रूळावर
शेजारून रेल्वे जाते ती कोणालाच दिसत नाही? सांगली, विश्रामबाग, मिरज अशी तीन स्टेशनं आहेत. कमी डब्यांची शटल सोडा.

आडवाछेद
रूळ आहेत, पण मिरज जंक्शनला पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चार दिशांच्या गाड्या. शटलला तिथे फलाट आणि वाट मोकळी मिळणं हीच अडचण. तासाला एक गाडी असेल तर आठ-नऊ किलोमीटरसाठी कोणी थांबणार नाही, तोवर वडाप मिरजेत पोचलेलं असतं. त्यापेक्षा लांबून येणाऱ्या गाड्यांच्या वेळेला स्टेशनच्या दारातून बस सुटू दे.

राहिला पदपथ. 1.8 मीटर मोकळी रुंदी, कडा 150 मिलिमीटरहून उंच नको, नाहीतर लोक खालूनच चालतात. काळी माती काढून मुरूम दाबला नाही तर दोन पावसाळ्यांत पेव्हर ब्लॉक वर येतात. रस्ता ओलांडायला सेकंदाला 1.2 मीटर हा वेग धरतात. चौदा मीटरला बारा सेकंद. मिरजेत हॉस्पिटलसमोर चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याला ते पुरत नाहीत. दुभाजकात दोन मीटरचा थांबा ठेवून दोन टप्प्यांत ओलांडू द्या.

डांबरप्रेमी
आणि दुभाजक दोन मीटर केल्यावर मार्गिका किती उरते, तेही मोजा. पार्किंग हटवल्याशिवाय तुमचा छेद, म्हणजे रस्त्याच्या रुंदीची ही वाटणी, कागदावरच बसतो. ते हटवणार कोण, आधी ते सांगा.