मदत हवी आहे : पेट्रापोलमार्गे द्राक्षं पाठवणाऱ्यांनी कृपया सांगा

नमस्कार मंडळी. निफाडहून आमच्या गटाची द्राक्षं पेट्रापोल या पश्चिम बंगालमधल्या सीमानाक्यामार्गे बांगलादेशला जातात. आपला ट्रक पलीकडे बांगलादेशातल्या बेनापोल नाक्यापर्यंतच जातो. तिथे माल उतरवून त्यांच्या ट्रकमध्ये भरावा लागतो. या चढउतारात पेट्या दबतात, घड गळतात. वर्षभराची मेहनत अशी वाया जाताना बघवत नाही हो.

भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांनी १५ जून २०१५ ला थिंफूत एकमेकांची वाहनं आपल्या देशात येऊ देण्यासाठी मोटार वाहन करार केला. भूतानच्या संसदेने त्याला मंजुरी दिली नाही, पण उरलेल्या तिघांनी पुढे जायचं ठरवलं. मग आपला ट्रक थेट ढाक्यापर्यंत नेण्याची परवानगी सध्या मिळते का? कुणाला अर्ज करायचा? नसेल मिळत, तर बेनापोलला माल हलवताना थंडावा टिकवायला तुम्ही काय करता? अनुभव असणाऱ्यांनी जरूर लिहा, हंगाम तोंडावर आलाय.