मदत हवी आहे: विकीवरचे टॅग डिलीट करायचा हक्क कोणाला द्यावा?

नमस्कार मंडळी, ठाण्यातल्या तलावांवर आम्ही सात-आठ जण मिळून मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) एक विकी चालवतो, मसुंदा, कचराळी, उपवन असं सगळं. जुन्या माणसांकडून ऐकलेली माहिती कोणी टाकली की त्या एडिटला आम्ही 'खात्री बाकी' टॅग लावायचो. परवा एका अ‍ॅडमिनला वाटलं हा टॅग आता नको, त्याने डिलीट केला आणि जुन्या सगळ्या एडिटवरनं तो एका क्लिकमध्ये गेला. मसुंद्याच्या पानाचा इतिहास उघडला तर खात्रीचं कुठलं नि ऐकीव कुठलं काहीच कळेना, खूप वाईट वाटलं हो. त्याच नावाचा टॅग परत बनवता येतो पण एडिटवर आपोआप येत नाही. टॅग नुसता बंद केला असता तर जुन्या खुणा तरी राहिल्या असत्या.

डिलीटचा हक्क मुळात सगळ्या अ‍ॅडमिनना असतो, आपण बनवलेला टॅग ५००० पेक्षा जास्त ठिकाणी वापरलेला असेल तरच सॉफ्टवेअर अडवतं. बनवणं आणि बंद करणं हा हक्क वेगळा आहे, तो अ‍ॅडमिनकडेच राहू दे. डिलीट मात्र सेटिंग्जमधनं काढून फक्त ब्युरोक्रॅटना (अ‍ॅडमिन नेमायचा हक्क असलेल्यांना) द्यावं असं मला वाटतं, पण आमच्याकडे ब्युरोक्रॅट एकच आहे. तुमच्याकडे कसं ठरवलंय? आधी चर्चापानावर विचारायचं असा नियम चालतो का? आणि बॅकअपमधनं फक्त टॅग परत आणलेत का कोणी?