अमाटी रिलेशन: निसर्गाचा नियम की डिटेक्टरची मर्यादा?

शर्वरी: २००२ मध्ये लोरेन्झो अमाटी आणि मंडळींनी बेप्पोसॅक्स उपग्रहाने टिपलेल्या १२ गॅमा किरण स्फोटांवरून (दूरच्या आकाशगंगांमधून येणारे गॅमा किरणांचे क्षणिक, प्रचंड झोत) सांगितलं की स्फोटाची एकूण ऊर्जा जितकी जास्त तितका त्याच्या स्पेक्ट्रमचा पीक, म्हणजे ज्या फोटॉन-ऊर्जेला सर्वाधिक ऊर्जा बाहेर पडते ती जागा, वर सरकतो, साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात; हेच अमाटी रिलेशन. आता यावरून विश्वाचं प्रसरण मोजायला निघालेत लोक, मला अजिबात पटत नाही. एकूण ऊर्जा काढायला रेडशिफ्ट (प्रकाश किती ताणला गेला ते, त्यावरून अंतर कळतं) हवा, त्यासाठी आफ्टरग्लो (स्फोटानंतर रेंगाळणारा, मंदावत जाणारा प्रकाश) सापडायला हवा, तो सापडायला स्फोट मुळात झगझगीत हवा, म्हणजे चाळून चाळून उरलेल्यांवरच नियम बांधायचा! पीक वर पण ऊर्जा कमी असेल तर फोटॉनच मोजके येतात, डिटेक्टर ट्रिगरच होत नाही, म्हणजे स्फोटाची नोंदच होत नाही. २००५ मध्ये बँड आणि प्रीस यांनी बॅट्सी या कॉम्प्टन उपग्रहावरच्या डिटेक्टरने टिपलेले, रेडशिफ्ट माहीत नसलेले स्फोट तपासले, तर कुठलाही रेडशिफ्ट धरा, त्यातले ८८ टक्के या रिलेशनमध्ये बसेनात.

निनाद: ऊर्जा आणि पीकच्या आलेखात रेषेभोवतीचा पसारा किती धरता त्यावर आहे ते सगळं. त्याच वर्षी घिरलांडांच्या गटाने बॅट्सीचेच स्फोट अंदाजे रेडशिफ्ट लावून बघितले, तर कोरिलेशन दिसलंच, फक्त पसारा जास्त. आणि मुख्य म्हणजे एकाच स्फोटात बघा ना, तेजस्विता वर गेली की पीक वर, उतरली की पीक खाली. हे गोलेनेत्स्कींनी १९८३ मध्येच दाखवलंय, नंतर फर्मी उपग्रहाच्या डेटातही दिसलं. इथे रेडशिफ्ट एकच, ट्रिगर एकच, मग सिलेक्शनचा, म्हणजे चाळणीचा, दोष शिरणार कुठून?

मृणाल: मला दोघांचंही अर्धंच पटतं. भरपूर ऊर्जा पण पीक खाली, असे स्फोट तर सहज दिसायला हवेत, तरी आलेखाचा तो कोपरा जवळपास रिकामा आहे. म्हणजे त्या बाजूची कड खरी. संशय घ्यायचा तर दुसऱ्या बाजूवर घ्या, तिथे मंद स्फोट आपल्या हातून निसटतात.

शर्वरी: कड मान्य आहे मृणाल, पण कड म्हणजे रेषा नव्हे ना! कॉस्मॉलॉजीला, म्हणजे विश्वाचं प्रसरण मोजायला, रेषा लागते, तीही पक्क्या उताराची. निनाद, एका स्फोटात पीक वरखाली होतो यावरून वेगवेगळे स्फोट एकाच रेषेवर यायलाच हवेत असं कुठे सिद्ध होतं? १९९८ चा जीआरबी ९८०४२५ बघ, सुपरनोव्हा (ताऱ्याचा स्फोट) १९९८बीडब्ल्यूसोबतचा, रेषेपासून केवढा लांब. तो जवळ होता म्हणून दिसला, तसलाच लांबचा कोण पकडणार?

निनाद: पण तो एकूणच इतका दुबळा की त्याची जातच वेगळी असू शकते. उलट टोकाला २०२२ चा जीआरबी २२१००९ए घ्या, रेडशिफ्ट ०.१५१, म्हणजे तसा जवळचाच, ऊर्जा १०^५५ अर्गच्या (अर्ग हे ऊर्जेचं एकक) घरात, आणि तरी रेषेच्या आसपासच. हा जवळ होता म्हणून रेषेवर आला असं तर तुम्ही म्हणणार नाही ना?