गाडीच्या एसीसाठी गेज घेऊ का?

बी-६०३: नमस्कार मंडळी. गाडीच्या एसीत गेल्या एप्रिलमध्ये गॅस भरला होता, आज घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये पुन्हा गरम हवा. दरवर्षी गॅरेजला पैसे मोजण्यापेक्षा ऑनलाइन गेजचा (दाब मोजायच्या मीटरचा) सेट आणि गॅसचा डबा मागवतो म्हणतोय. कोणी वापरलाय का?

सी-२०१: माझ्याकडे आहे. माळ्यावर. घेऊन जा.

बी-६०३: उपयोग झाला का दादा?

सी-२०१: एकदाच वापरला. काटा हिरव्या पट्ट्यात येईना म्हणून भरत राहिलो. गॅस इतका जास्त झाला की होतं तेवढंही थंड होईना. शेवटी गॅरेजवाल्याने थोडा काढला 😅

ए-१०४: मी वागळे इस्टेटला गाड्यांच्या एसीतच आयुष्य काढलं, म्हणून बोलतो. गेज वाईट नाही हो, पण तो दाब सांगतो, गॅस किती आहे ते सांगत नाही. घरचा सिलिंडर आठवा. अर्धा संपला तरी शेगडी तशीच पेटते ना? मग डिलिव्हरीवाल्यासमोर आपण १४.२ किलो कशावर बघतो? वजनकाट्यावर! इथेही तेच. एसी बंद असताना ३० अंशाला आर-१३४ए चा (गाडीच्या एसीतल्या गॅसचा) दाब साधारण ९५ ते १०० पीएसआय. आत थोडासा द्रव शिल्लक असला तरी तेवढाच, पूर्ण भरलेला असला तरी तेवढाच.

बी-६०३: मग घेऊ तरी काय काका?

ए-१०४: आधी गळती शोधायचं सामान. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. वर्षात गेला म्हणजे कुठूनतरी जातोय. यूव्ही टॉर्च आणि पिवळा चष्मा घ्या. मागच्या वेळी गॅसबरोबर डाय (यूव्हीत चमकणारा रंग) घातला असेल तर गळतीच्या जागी पोपटी चमकतं. नसेल तर साध्या डोळ्यांनी तेलकट, धूळ चिकटलेला डाग शोधा. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. आणि एक काडीसारखा थर्मामीटर, डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत खोचायला, हवा किती थंड येते ते बघायला.

डी-५०२: आमचा घरच्या एसीचा माणूस उद्या येतोय. त्याच्याकडे पंप, गेज, गॅस सगळं असतं. त्यालाच सांगू का?

ए-१०४: वहिनी, पंप चालेल, गॅस अजिबात नको. हल्ली घरच्या एसीत बहुधा आर-३२ असतो. त्याचा दाब कितीतरी जास्त आणि तो पेटूही शकतो. त्याच्या पाइपाची तोंडंही गाडीला बसत नाहीत, आणि ते बरंच आहे. बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. नव्या काही गाड्यांत १२३४वायएफ आहे, तो वेगळा.

बी-६०३: माझ्या स्टिकरवर १३४ए, ४५० ग्रॅम लिहिलंय. म्हणजे एक डबा?

ए-१०४: आत आधीचा किती उरलाय ते माहीत आहे का? म्हणून सगळा काढून घ्यायचा (मशीनने, हवेत सोडून नाही), मग व्हॅक्यूम पंप अर्धा तास. पंप बंद करून गेजचा काटा वर चढतो का ते बघायचं, चढला तर गळती आहे. तो पंप आतला ओलावाही काढतो. आपल्याकडे पावसाळ्यात पाइप उघडा राहिला की पीएजी तेल (एसीच्या कंप्रेसरचं) पाणी पिऊनच बसतं. मग डबा वजनकाट्यावर ठेवून ग्रॅम मोजत भरायचं. स्वयंपाकघरातला काटाही चालेल.

डी-५०२: आमचा काटा मिळणार नाही 🙏

ए-१०४: 😀 आणि सी-२०१, लाल पाइपाची (जास्त दाबाच्या बाजूची) चावी इंजिन चालू असताना डबा लावून कधी उघडू नका. दाब उलटा डब्यात जातो, डबा फुटतो. भरायचं निळ्याकडूनच (कमी दाबाच्या बाजूने), डबा सरळ धरून, हातमोजे आणि चष्मा घालून. द्रव बोटावर उडाला तर चामडी गोठते.

(रात्री)

बी-६०३: टॉर्च मिळाली. ग्रिलमधून खाली वाकून बघितलं. कंडेन्सरच्या (गॅस थंड करणाऱ्या भागाच्या) डाव्या कोपऱ्यात नखाएवढा ठिपका, झगझगीत पोपटी. तिथली जाळी चेपलेली आहे.

ए-१०४: खडी लागली असणार, मेट्रोच्या कामाकडची. कंडेन्सर बदलावा लागेल, ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) त्यातच असेल तर दोन्ही एकदम. हे काम गॅरेजलाच करा. फक्त व्हॅक्यूम किती वेळ लावणार आणि गॅस वजनावर भरणार का, एवढं आधी विचारा. उत्तर द्यायला अडखळला तर पुढच्या दुकानात.

सी-२०१: मग माझा गेज माळ्यावरच राहू दे?

ए-१०४: छे, मला द्या. माझ्या निळ्या पाइपाचं वॉशर गेलंय.