आपल्या लॅपटॉपचा मालक नक्की कोण?

बायोसवाला:
इंजिनिअरिंगला आपण ८०८५ शिकतो, १९७६ ची चिप, किटवर हेक्स कोड टाकून बेरीज आली की सरांची सही आणि विषय संपला. पण आज जो लॅपटॉप वापरतोय त्याचं काय? इंटेलच्या चिपसेटमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा वेगळा छोटा प्रोसेसर आहे, तुमच्या विंडोज-लिनक्सच्याही खाली, २०१५ पासूनच्या मॉडेलांत त्यावर मिनिक्स नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम चालते, आणि त्याच्या फर्मवेअरवर, म्हणजे आत भरलेल्या प्रोग्रॅमवर, डिजिटल सही इंटेलची, ती नसेल तर तो चालत नाही. म्हणजे पैसे आपले, किल्ली त्यांची. हे सिलॅबसमध्ये हवं की नको?

निवांत_नाना:
नको. शिकून करणार काय? सही नसती तर कुठल्याही रिपेअरवाल्याने खाली काहीतरी घुसवलं असतं, तुला पत्ताही लागला नसता. शंभर लॅपटॉप सांभाळणाऱ्या आयटीवाल्याला विचार, मशीन बंद असताना लांबून दुरुस्त करता येतं ते या इंजिनच्याच जोरावर.

बायोसवाला:
नाना, सहीला विरोध नाहीये हो, ती फक्त त्यांचीच का यावर भांडण आहे. सिक्युअर बूटमध्ये, म्हणजे सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिमची सही तपासतात तिथे, बऱ्याच पीसीवर स्वतःची की टाकता येते ना, मग इथे का नाही? आणि गंमत बघा, २०१७ मध्ये संशोधकांना हे इंजिन बंद करायचा एक बिट सापडला, तो होता अमेरिकन सरकारच्या एका प्रोग्रॅमसाठी. त्यांना स्विच, आपल्याला ठेंगा!

देशी_सिलिकॉन:
म्हणूनच रिस्क-फाइव्ह, प्रोसेसर बनवायचं कुणालाही वापरता येणारं खुलं स्टँडर्ड. आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर बघा, डिझाइन खुलं आहे, पोरांना वाचायला द्या.

निवांत_नाना:
शक्तीची २०१८ ची पहिली चिप कुठे बनली माहितेय का? इंटेलच्याच फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, अमेरिकेत 😄

देशी_सिलिकॉन:
आणि पुढची चंदीगडजवळ मोहालीच्या एससीएल या सरकारी फॅबमध्ये, ते सोयीस्कर विसरलात. १८० नॅनोमीटरचं जुनं तंत्र आहे, मान्य, त्यावर गेम चालणार नाही, पण कोर आतून कसा आहे ते ओळ न् ओळ वाचता येतं, इंटेलचं वाचून दाखवा.

बायोसवाला:
मी जुन्या थिंकपॅड एक्स२०० वर लिब्रेबूट, म्हणजे कंपनीच्या बायोसऐवजी (मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) चालणारा खुला प्रोग्रॅम, टाकलंय, बायोसच्या चिपला क्लिप लावून, पाय नीट बसेपर्यंत घाम फुटतो, पण त्या मॉडेलवर मॅनेजमेंट इंजिन पूर्णच काढता येतं. सेमिस्टरला एवढं एक प्रॅक्टिकल ठेवा, बाकी काही नको.

निवांत_नाना:
२००८ चं मॉडेल! त्यावर व्हिडिओ कॉल चालतो का ते सांग आधी.

बायोसवाला:
चालतो. फॅन बोंबलतो, तेवढं म्यूट करावं लागतं.