स्टार ट्रेकचं कार्टून बघताना: तुमचा अनुभव सांगा

परवा पार्क चौकात चहावर विषय निघाला आणि चारचौघांत कळलं, की आपल्या सोलापुरात ‘लोअर डेक्स’ (सेरिटोस नावाच्या अंतराळजहाजावरच्या खालच्या पोरांचं स्टार ट्रेक कार्टून) पाहिलेले बरेच जण आहेत, फक्त कुणी कबूल करत नाही. पन्नाशीतला माणूस रात्री कार्टून बघतो हे सांगायचं कुणाला? तर इथं सांगा. आवडलं असेल तर का, नसेल तर तेही.

मी सुरुवात करतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मूळ स्टार ट्रेक लागायचं, अंतराळजहाजाची मालिका. आमच्या गिरणीच्या चाळीत टीव्ही एकच, तोही समोरच्या काकांचा. ही मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ मध्ये ७९ भाग होऊन कधीच संपली होती, हे कळायला पुढं दहा वर्षं गेली. आम्हाला ताजीच होती. इंग्रजी घंटा कळायचं नाही, पण जहाजावरच्या स्पॉक नावाच्या व्हल्कन, म्हणजे परग्रहावरच्या अधिकाऱ्याची भुवई वर गेली की काहीतरी बिनसलंय एवढं कळायचं. केबल आल्यावर त्याचीच पुढची मालिका, ‘नेक्स्ट जनरेशन’. तेव्हापासून मी ह्या देवाचा भक्त.

२०२१ च्या जानेवारीत लोअर डेक्स आपल्याकडं प्राइमवर आलं. कोरोनाचं वर्ष, गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वरच्या जत्रेत, पाळणेसुद्धा नव्हते, घरात बसून काय करणार? लावलं. पहिल्याच प्रसंगात बोइमलर नावाचा पोरगा सामानाच्या खोलीत लपून कॅप्टन असल्याची बतावणी करत नोंदी बोलतोय. तेवढ्यात रोम्युलन व्हिस्की ढोसलेली त्याची सहकारी मॅरिनर क्लिंगॉन (परग्रहावरचे लढवय्ये) तलवार परजत येते आणि चुकून त्याची मांडी कापते. मी बंद केलं. म्हटलं, आमच्या देव्हाऱ्यात हे काय आणून ठेवलंय!

मुलगा मात्र बघत राहिला. येता-जाता माझी नजर गेली ती त्यांच्या झोपायच्या जागेवर. ह्या लोकांना खोली नाही. जाण्या-येण्याच्या वाटेतच भिंतीत एकावर एक बर्थ, सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या साइड लोअरसारखे, आणि बाजूनं लोक चालतायत. मी बसलो. माझे वडील सात वर्षं बदली कामगार होते. रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर साचा मिळायचा. बोइमलर म्हणजे जॉबर (मुकादम) व्हायची स्वप्नं बघणारा बदलीवालाच की! तीस वर्षं मी ब्रिजवरच्या कॅप्टनच्या खुर्चीकडं बघत आलो, आणि त्या जहाजात फिल्टर कोण साफ करतं हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

आता तुम्ही बोला.

अशोक चौकातून:
माझे पॉवरलूम आहेत, चादर-टॉवेल. मला दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग सांगायचाय. दुसरं जहाज संकटात, मधे चुंबकीय खडकांचा पट्टा, आणि आत शिरायचं तर सेरिटोसची बाहेरची पत्र्याची कातडीच उतरवावी लागते. बटण दाबून नाही बे, हातानं! कॅप्टनपासून खालच्या पोरापर्यंत सगळे प्लेटा सोडवत बसलेत. शेवटची प्लेट अडकते, ती सोडवायला बोइमलर पाण्यात उडी मारतो, कारण त्या जहाजात व्हेल माशांचा विभाग आहे. (हो, व्हेल. ते जहाजाचे कर्मचारी आहेत. विचारू नका.) आमच्याकडं लाइट जाऊन आली की प्रत्येक मागाचा तुटलेला धागा हातानं जोडावा लागतो, तसलं काम. भावाला म्हटलं, बघ, २३८१ सालातपण हेच हाय. आणि एक ऐका. जॅकार्डवर चादरीची नक्षी उठते ती पुठ्ठ्याच्या भोकांवर, १८०४ पासून. पुढं कॉम्प्युटरनं तीच पंचकार्डाची युक्ती उचलली. म्हणजे त्या जहाजाच्या संगणकाचा पणजोबा माझ्या शेडमधे खडखडतोय.

दत्त नगर:
मी पाहिलं मोबाइलवर, पण खरी प्रेक्षक माझी सासू. त्या विड्या वळतात. सुपात पानं, तंबाखू, बोटं आपोआप चालतात, नजर मोकळी. घरात तेलुगू, मालिका इंग्रजी, तरी त्यांना टेंडी कळली. हिरव्या अंगाची, पहिल्याच दिवशी दवाखान्यात कामाला लागलेली, आणि कुणाचं तरी हृदय हातात धरून दाबत बसायची वेळ आली तरी हरखलेली. सासूबाई म्हणाल्या, “ही नवी आहे म्हणून हसतेय. वर्षभरानं बघ.” पाच सीझन झाले, ५० भाग, पोरगी हसतेच आहे. तर सासूबाईंचं म्हणणं, हिला हजारी (हजार विड्या) अजून भरायला लागली नाही.

विजापूर रोड:
मला नाही आवडलं. दोन भाग पाहिले. बोलण्याचा वेग असा की खालची अक्षरं वाचावीत तर चित्र सुटतं, चित्र बघावं तर विनोद सुटतो. ‘नेक्स्ट जनरेशन’च्या कॅप्टन पिकार्डची शांतता कुठं आणि ही कावकाव कुठं! भक्तांनी माफ करावं.

रेल्वे लाइन्स:
विजापूर रोडवाल्यांना: दुसऱ्या सीझनचा नववा भाग तरी बघा. नाव क्लिंगॉन भाषेत आहे, अर्थ ‘तीन जहाजं’. आपल्या पोरांसारखीच पोरं क्लिंगॉन जहाजावर आणि व्हल्कन जहाजावर काय करतात, ते दाखवलंय. व्हल्कन टि’लिन कोणाचं ऐकत नाही, तर तिला शिस्तभंगाची शिक्षा म्हणून स्टारफ्लीटला, म्हणजे सेरिटोसवाल्यांच्या ताफ्यात, पाठवतात. आमच्या खात्यात बदली अश्शीच होते. मी निवृत्त गार्ड आहे. सेरिटोसचं काम ‘सेकंड कॉन्टॅक्ट’, म्हणजे पहिली भेट घेऊन फोटो काढून मोठं जहाज निघून जातं, मग हे जाऊन कागदपत्रं, फॉर्म, सह्या. उद्घाटनाची गाडी झेंडे लावून जाते, दुसऱ्या दिवशीची पॅसेंजर आम्ही न्यायची.

मुरारजी पेठ:
जुन्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं की स्टार ट्रेकचं कार्टून ही काही नवी टूम नाही. १९७३-७४ मध्ये २२ भागांची ॲनिमेटेड मालिका झाली होती. आवाजही मूळ मालिकेतल्या कॅप्टन कर्क आणि स्पॉकच्याच नटांचे. बनवणारी कंपनी फिल्मेशन, जिचा ही-मॅन आपण दूरदर्शनवर पाहिला. हात तोच, काटकसर तीच. एकदा काढलेलं चित्र पुन्हा पुन्हा वापरायचं. त्या मालिकेत मांजरीसारखी एक अधिकारी होती, म्रेस. लोअर डेक्समधली शिव्या घालणारी डॉक्टर टाना त्याच जातीची. मला हे दिसलं तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो, आणि बायकोनं दार लावून घेतलं.

जुळे सोलापूर:
मी उलटी आले. स्टार ट्रेकचं काहीच माहीत नव्हतं, सुरुवातच लोअर डेक्सपासून. पहिल्या सीझनच्या शेवटी सगळं संपलं असं वाटतं आणि एक जहाज येतं, टायटन. आतून आवाज आला आणि बाबा उठून उभे राहिले. “रायकर!” नेक्स्ट जनरेशनमधला अधिकारी, मूळ नटाचाच आवाज होता म्हणे. मला वाटलं, बाबांचा कुणी मित्र असावा. त्यानंतर त्यांनी मला नेक्स्ट जनरेशनचे १७८ भाग दाखवायला घेतले. सध्या सातव्या सीझनवर आहोत.

ज्यांना पुढचं आधी कळायला नको, त्यांनी इथून खाली वाचू नका. त्या सातव्या सीझनमध्येच ‘लोअर डेक्स’ नावाचा भाग आहे, १९९४ चा. त्यात सिटो नावाची कनिष्ठ अधिकारी कामगिरीवर जाते आणि परत येत नाही. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची गोष्ट, मग सगळे विसरले. मी कार्टूनचा चौथा सीझन आधी पाहिला होता. तिथं मॅरिनर सांगते की सिटो तिची मैत्रीण होती, म्हणून तिला बढती नको असते. कुणाला तरी मरायला पाठवायची वेळ येईल, म्हणून. बाबांनी १९९४ चा भाग लावला तेव्हा सिटो हसत निघाली आणि मला पुढचं माहीत होतं. बाबांना वाटलं मला झोप आली. मी तोंड चादरीत घातलं होतं.

पुन्हा मी, धागा काढणारा:
बऱ्याच जणांनी विचारलं, वडिलांना दाखवलं का? दाखवलं. वय ८४, ऐकू कमी येतं, म्हणून तो पत्रे सोडवण्याचा भागच लावला. शेंगाची चटणी-भाकरी खात शांतपणे पाहिला. मग विचारलं,

“ओव्हरटाइम मिळतो का ह्यांना?”

म्हटलं, अण्णा, त्या काळात पैसाच नसतो, सगळं फुकट मिळतं.

त्यांनी भाकरी खाली ठेवली. “मग युनियन कशावर बोलते?”