चौघांच्या घराला ३०० एमबीपीएस कशाला?

खिडकीतला बोका:
आमच्याकडे १०० एमबीपीएस वेगाचं इंटरनेट कनेक्शन तीन वर्षं सुखाने चाललंय. आता कंपनीचा माणूस फोनवर म्हणतो, "चार माणसं म्हणजे ३०० लागणारच." कागद-पेन घेऊन बसलो. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की ४के, म्हणजे सगळ्यात स्पष्ट व्हिडिओला १५ आणि फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात. झूमच्या एचडी कॉलचं चारच्या आत भागतं. दोघं ४के बघतायत, एक जण मीटिंगमध्ये, एक जण रील्स चाळतोय, असं धरलं तरी बेरीज चाळिशीच्या आसपास थांबते. बाकीचे साठ आत्ताच पडून आहेत. ३०० म्हणजे शुद्ध आकड्यांची भुरळ. बोला.

रातकिडा:
असहमत. तुम्ही फक्त बघणाऱ्यांची बेरीज केलीत, डाउनलोड करणाऱ्यांची नाही. ५० जीबीचा गेम घ्या. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, त्याला आठाने भागलं की मेगाबाइट, म्हणजे तुमच्या १०० चे सेकंदाला साडेबारा. तासाच्या वर गेलं की नाही? ३०० वर तेच काम वीस-बावीस मिनिटांत. आणि त्या तासाभरात गेम अख्खी लाइन खातो, तेव्हा तुमच्या ४के चे १५ कुठून यायचे?

खिडकीतला बोका:
गेम रात्री लावून झोपा की. महिन्यातून एकदा लागणाऱ्या तासासाठी दर महिन्याला जास्तीचे पैसे का भरायचे?

रातकिडा:
रात्री खेळायचं असतं हो. नाव वाचा माझं.

म्यूटवर आहे:
तुम्ही दोघं डाउनलोडवर भांडताय आणि "तुझा आवाज तुटतोय" हे मी ऐकून घेतेय. आमचा प्लॅन २०० चा, पण अपलोड फक्त १०. जाहिरातीत तो आकडा शोधावा लागतो. मध्यंतरी रोज संध्याकाळच्या मीटिंगमध्ये माझा चेहरा गोठायचा. एकदा वैतागून कॉल चालू असतानाच पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी, लावून ठेवला. १८ मिलिसेकंद, १९, १८, आणि एकदम ७००. त्याच मिनिटाला मुलगा बाहेरून घरात शिरला होता! त्याचा फोन वायफायला जोडला गेला की दिवसभराचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागायचा. अपलोड तुंबला की राउटरमध्ये रांग लागते आणि माझा आवाज त्या रांगेत मागे उभा. बॅकअप रात्री दोनवर टाकला, प्रश्न संपला. डाउनलोडचे ३०० घेऊन, अपलोड तेवढाच राहिला असता तर यातलं काहीही सुटलं नसतं.

खिडकीतला बोका:
माझं फायबर आहे, दोन्हीकडे १००. पण मुद्दा मान्य.

हौशी वायरमन:
बोकेराव, तुमची बेरीज बरोबर आहे, पण ती राउटरपर्यंतच. पुढे घर सुरू होतं. मी ३०० घेतले आणि कॉम्प्युटरला तार जोडून मोजलं, तर ९४. दुसऱ्या दिवशी पुन्हा ९४. हा आकडा दिसला की कंपनीशी भांडायच्या आधी तार बघायची, कारण १०० च्या पोर्टवर प्रत्यक्षात एवढाच वेग हाती लागतो. राउटर गिगाबिटचा, म्हणजे हजार एमबीपीएसचा, तारही चांगल्या प्रतीची. पण गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. दाराच्या फटीत केबल चेपून एक जोडी तुटली होती, त्यामुळे राउटर मुकाट्याने १०० वर उतरला. कुठे काही एरर वगैरे नाही. तार बदलली, २८५.

तरी आतल्या खोलीत फोनवर चाळीसच. फोन वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर होता. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि अख्ख्या इमारतीची त्यावर गर्दी. राउटर टीव्हीमागून काढून उंचावर ठेवला, फोन ५ गिगाहर्ट्झवर घेतला, दीडशे मिळाले.

रातकिडा:
म्हणजे शेवटी ३०० घेतलेतच ना!

हौशी वायरमन:
घेतले. आणि पहिले दोन महिने १०० च वापरले.

म्यूटवर आहे:
बोका, पडून असलेले साठ तुमच्या आतल्या खोलीत पोचतात का, ते मोजलंत कधी?

खिडकीतला बोका:
आत्ता मोजून आलो. तारेने ९३. लेकीच्या खोलीत, दार लावून, २२. ती म्हणते हे ती वर्षभर सांगतेय. कंपनीला नको म्हणून कळवलंय, राउटर चपलांच्या कपाटातून बाहेर काढतोय.

रातकिडा:
चपलांच्या कपाटात?! आणि म्हणे तीन वर्षं सुखाने चाललंय.

खिडकीतला बोका:
माझी खुर्ची त्या कपाटाशेजारीच आहे.